जिभेची गुंडाळी

माझं अक्षर वाईट असतं तर बरं झालं असतं. आमच्या स्टाफरूममधल्या फिजिक्सच्या सरांचं अक्षर कुणालाच लागत नाही. त्यांचे शेरे मुलं दोन मिनिटं उलटसुलट करून बघतात आणि सोडून देतात. माझं मात्र प्रत्येक अक्षर सुटं, ठसठशीत, ओळीवर नीट बसलेलं. त्यामुळे त्या गुरुवारी, तिसऱ्या आणि चौथ्या तासाच्या मधे, एक बाई माझ्या टेबलापाशी आली, तिने एक जर्नल उघडून माझ्यासमोर सरकवलं, पानावर बोट ठेवलं आणि "हे तुम्ही लिहिलंय का, मॅडम?" असं विचारलं, तेव्हा मला नाही म्हणायला जागाच नव्हती. लाल शाईत, इंग्रजीत, दोन छोटी वाक्यं. नॉट पॉसिबल. चेक अगेन. खाली माझी सही आणि तारीख. डिसेंबरात बारावीची एकशेचाळीस जर्नल तपासायची असतात. मी चहा गार होऊ देत, पंख्याखाली पानं उडू नयेत म्हणून डाव्या कोपराने दाबत, एकामागून एक तपासत गेले होते. हा शेरा लिहिल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं. न आठवण्याइतकी मला त्याची सवय होती.

ती बाई म्हणजे निकिता ढोमसेची आई. नाव योगिनी. चाळिशीच्या अलीकडची, फिकट निळा ड्रेस, खांद्याला पर्स, आणि आवाज इतका खाली की मला दोनदा पुढे झुकावं लागलं, कारण पलीकडे दोन सर डबे उघडून बसले होते. पान होतं आनुवंशिकतेच्या प्रयोगाचं. घरातल्या माणसांची लक्षणं पाहायची आणि तक्ता भरायचा: कानाची पाळी सुटी की चिकटलेली, अंगठा मागे वळतो का, जिभेच्या दोन्ही कडा वर उचलून नळीसारखी गुंडाळी करता येते का. येत असेल तर अधिक, नसेल तर उणे. वर छापील टीप होती, एका खाजगी प्रकाशकाची, अनेक वर्षं तीच: जिभेची गुंडाळी हे एका जनुकाचं प्रभावी लक्षण आहे, आईवडील दोघेही उणे असतील तर अपत्य अधिक असू शकत नाही. निकिताने प्रामाणिकपणे लिहिलं होतं. आजोबा उणे, आजी उणे, वडील उणे, आई उणे. स्वतः अधिक.

योगिनीने जे सांगितलं ते तिने तुकड्यातुकड्यांत सांगितलं आणि मी मनात ते जोडत गेले. शेरा आल्यावर निकिताने तो पाळला. चेक अगेन म्हटलं म्हणून ती जर्नल घेऊन रात्रीच्या जेवणाला बसली, शेरा मोठ्याने वाचला आणि पुन्हा एकेकाला जीभ दाखवायला सांगितली. आजी म्हणाली, आमच्या घरात कुणाची जीभ अशी वळत नाय बाई, ही कुणावर गेली कोण जाणे. सगळे हसले. योगिनीही हसली. मग पुतण्या हर्षल, जो आता फार्मसीला आहे, त्याने पेपर नॅपकिनवर, आईबापांकडून मुलात काय उतरू शकतं ते दाखवणारी, चार घरांची चौकट काढली आणि नॉट पॉसिबलचा अर्थ समजावून सांगितला. त्यानंतर कुणी हसलं नाही. हर्षल ढोमसे मला आठवतो. पहिल्या बाकावर बसायचा. ती चौकट त्याला मीच शिकवली होती आणि त्याला त्या धड्यात पैकीच्या पैकी होते.

आता पंधरवडा झाला होता. सासूबाई उघड काही म्हणत नव्हत्या. नुसतं निकिता समोरून गेली की तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत. सासऱ्यांनी, ज्यांना घरात अण्णा म्हणतात, तीन दिवसांपूर्वी निर्णय दिला की बोलणी नकोत, टेस्ट करून टाकू, मनातला किडा मरेल. हर्षलने लॅब शोधली. सोमवारी सकाळी माणूस घरी येऊन दीपकचं आणि निकिताचं रक्त घेऊन जाणार. दीपक म्हणजे नवरा. आडगाव नाक्यावर त्यांचं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे, बापलेक दोघं बघतात.

"आणि ते काय म्हणतात?" मी विचारलं.

"ते काही म्हणत नाहीत."

मग तिने जर्नल बंद केलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. म्हणाली, "मॅडम, तिला सुई टोचली की मी तिला घेऊन येवल्याला जाणार. माझं माहेर आहे तिथं. बारावी राहिली तर राहिली. टेस्ट काय येणार ते मला माहितीय. पण ती करू दिली म्हणजे करण्यासारखं काहीतरी होतं, असं मी कबूल केल्यासारखं होईल. आणि ते मी मरेपर्यंत त्या घरात कबूल करत राहीन." तिने हे रडत सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिने ते गणित मांडल्यासारखं सांगितलं. तिला माझ्याकडून एकच हवं होतं. हे खरं आहे का, ते घरी येऊन सांगा.

हे खरं नाही. हे मला चोवीस वर्षांपासून माहीत आहे, आणि माझा सगळा वैताग तिथून सुरू होतो. एम.एस्सी.ला असताना पुण्याच्या ग्रंथालयात, लोखंडी रॅकच्या खालच्या कप्प्यात, मला जुळ्यांवरचा एक जुना अभ्यास सापडला होता. एकाच बीजापासून झालेली, जनुकं शंभर टक्के तीच असलेली भावंडं, आणि त्यातल्या एकाला जीभ गुंडाळता येते, दुसऱ्याला नाही. असा एखादा अपवाद नव्हे, बऱ्याच जोड्या. ज्या शास्त्रज्ञाने मुळात हे लक्षण एका जनुकाचं म्हणून मांडलं होतं, त्याने स्वतःच पंचवीस वर्षांनी ते मागे घेतलं होतं. मी ते उभ्याउभ्या वाचलं, वहीत टिपून घेतलं, मला फार आनंद झाला होता. आणि मग नाशिकला येऊन नोकरीला लागल्यावर मी दर वर्षी फळ्यावर लिहीत गेले: जिभेची गुंडाळी, प्रभावी. कारण उदाहरण लागतं. रक्तगट तपासायला किट लागतं, परवानगी लागते, कुणी चक्कर येऊन पडतं. जीभ प्रत्येकाकडे असते. पन्नास मुलं एकदम जिभा बाहेर काढतात, वर्ग खिदळतो, आणि डोक्यात राहतं. प्रत्येक बॅचला मी एक वाक्य म्हणतेही, की प्रत्यक्षात हे थोडं गुंतागुंतीचं आहे. ते वाक्य मी डस्टर झटकता झटकता म्हणते.

दर वर्षी तीन-चार निकिता निघतात. निघणारच. मी त्यांच्या जर्नलात हेच लिहिते आणि चार दिवसांनी जर्नल दुरुस्त होऊन परत येतं. वडिलांच्या रकान्यातल्या उण्याला एक उभी रेघ मारली की अधिक होतं. कुणी व्हाइटनर लावतं, कुणी नुसतीच रेघ मारतं. मी टिक करते. बावीस वर्षं माझ्या हाताखाली मुलं हे शिकली की जे दिसलं ते पुस्तकाशी जुळत नसेल तर दिसलेलं बदलायचं. ही एकच मुलगी निघाली जिने चेक अगेनचा अर्थ खरोखर पुन्हा बघ असा घेतला. तिला मी काय म्हणू? मला तिचा अभिमान वाटायला हवा होता. पण योगिनी निघून गेल्यावर चौथ्या तासाला जाताना, जिन्यावर, मला त्या मुलीचा रागच आला होता. एक रेघ मारायची होती फक्त, असं माझ्या मनात आलं, आणि मी कठड्याला धरून थांबले.

प्राचार्यांकडे गेले. कॉलेजच्या लेटरहेडवर दोन ओळी मागितल्या की हा प्रयोग पितृत्व ठरवण्यासाठी नाही. ते म्हणाले, मॅडम, पितृत्व हा शब्द आपल्या लेटरहेडवर? मग म्हणाले, आपण एकाला लिहून दिलं की उद्या रांग लागेल. मग म्हणाले, तुम्ही तुमच्या पातळीवर बघा. माझी पातळी म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

घरी जाताना स्कूटीवर मला माझे बाबा आठवत राहिले. चिंतामण गायधनी, पंचवटीतले. घरात पौरोहित्य, ते मात्र पाटबंधारे खात्यात. गायधन्यांची माणसं गोरी, घाऱ्या डोळ्यांची; फोटोत सगळे एका साच्यातून काढल्यासारखे. मी काळी. आईही गोरीच होती. आमच्या सुधाकाकूला विनोदाचं अंग होतं. मंगळागौर असो, मुंज असो, चारचौघी बसल्या की ती माझा गाल धरून म्हणायची, "हिला कुठून उचलून आणली गं? रामकुंडावर अदलाबदल झाली वाटतं." बायका हसायच्या. आईही हसायची, तेव्हा तिच्या कपाळाची एक शीर दिसायची. आणि बाबा तिथे असले तर घड्याळाला किल्ली द्यायला लागायचे. मनगटावरचं घड्याळ काढायचं, कानाशी धरायचं, किल्ली द्यायची. मी आठ वर्षांची असेन, नऊ वर्षांची असेन, मला फक्त एवढं हवं होतं की त्यांनी मान वर करून म्हणावं, माझी आहे ती. तीन शब्द. पुढे मी शिकले की कातडीचा रंग एका जनुकाचा नसतो, कितीतरी जनुकं मिळून तो ठरवतात, दोन गव्हाळ माणसांच्या पोटी काळं मूल सहज निपजतं, आणि गोऱ्यांच्याही मागे कुठेतरी असतंच. मी ते इतकं मन लावून शिकले की विद्यापीठात दुसरी आले. बाबांना मी एकदा कागदावर काढूनही दाखवलं होतं. त्यांनी लक्षपूर्वक पाहिलं आणि म्हणाले, "छान समजावतेस तू." बस्स. त्यांना कधी शंका आली असेल असं मला वाटत नाही. हेच तर मला आजपर्यंत कळलेलं नाही. शंका नव्हती तर बोलायला काय झालं होतं?

रविवारी दुपारी मी अमृतधामला ढोमस्यांकडे गेले. दुमजली बंगला, पोर्चमध्ये पाइपांची भेंडोळी, पायरीवर वाळत घातलेल्या द्राक्षांच्या दोन चाळण्या. माझ्यासोबत त्या जुळ्यांवरच्या अभ्यासाची छापील प्रत होती, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केलेल्या. ती कुणी वाचणार नाही हे मला माहीत होतं, पण रिकाम्या हाताने जाणं मला जमत नाही. हॉलमध्ये सगळे बसले होते. अण्णा, म्हणजे नाथा ढोमसे, मूळचे विंचूरचे, सत्तरीचे, टोपी घातलेले, खुर्चीत ताठ. चंद्रभागाबाई, ज्यांना सगळे माई म्हणत होते, दिवाणावर पाय वर घेऊन. हर्षल दाराशी, मला बघून उठला आणि पाया पडला. निकिता जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. दीपक सोफ्याच्या टोकाला, मोबाइल हातात, अंगठा वरखाली. गोल, सौम्य चेहऱ्याचा माणूस. त्याने मला नमस्कार केला आणि पुन्हा मोबाइलमध्ये बघू लागला. योगिनीने पाणी आणून दिलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

मी बोलले. मी बरं शिकवते, लोकांना समजेल असं. जीभ ही कसरतीची गोष्ट आहे, असं सांगितलं; काहींना ती सरावाने येते, लहानपणी न येणाऱ्याला मोठेपणी येऊ शकते, जुळ्यांतल्या एकाला येते आणि दुसऱ्याला येत नाही. कान, अंगठा, जीभ, यांतल्या कशावरूनही कुणाचं कोण हे ठरवता येत नाही. तो शेरा माझी चूक होती. हे शेवटचं वाक्य बोलताना मी हर्षलकडे पाहिलं. त्याने खाली पाहिलं. माई मधेच पदर तोंडापुढे धरून आत जीभ वळते का ते बघत होत्या, ते मला दिसलं.

अण्णा शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, तुमचा मान हाय. पण पुस्तकात छापलंय ते खोटं, आन् तुम्ही तोंडानं सांगताय ते खरं, हे कसं धरायचं?"

मी म्हटलं की पुस्तक जुनं आहे.

"मंग जुनं शिकवता कशाला?"

मी छापील प्रत पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली, पिवळ्या ओळींवर अंगठा फिरवला आणि हर्षलकडे दिली. हर्षलने ती वाचायला घेतली, हे मात्र सांगायला हवं.

"बरं, ते जाऊ द्या," अण्णा म्हणाले. "आम्ही काय वाईट माणसं नाय. सून आमची चांगली हाय, तिच्याबद्दल चकार शब्द नाय. तुम्ही शिकलेल्या. तुम्ही एवढंच सांगा, छातीठोक. पोरगी आमचीच हाय. तुम्ही म्हणा, आत्ता हर्षलला सांगतो फोन करायला. टेस्ट रद्द."

सगळे माझ्याकडे बघू लागले. योगिनीसुद्धा. मला वाटतं ती एक क्षणभर हसलीही, कारण आता हे संपणारच होतं, मॅडम हो म्हणणार होत्या. आणि मी तिथे बसून, हातात पाण्याचा रिकामा ग्लास, माझ्या डोक्यात काय चाललं होतं? जिभेवरून होकार निघत नाही तसा नकारही निघत नाही. जे मला माहीत नाही ते मी माहीत आहे म्हणून कसं सांगू? मी आयुष्यात एकदाही निष्कर्ष निरीक्षणाच्या पुढे नेलेला नाही. निदान दुसऱ्याच्या जर्नलात तरी नेऊ दिलेला नाही. मी म्हणाले, "जिभेवरून काहीच सांगता येत नाही, एवढंच मी सांगू शकते."

"बघा," माई म्हणाल्या. त्या वाईटपणे म्हणाल्या नाहीत. सहज म्हणाल्या. "मॅडमबी नाय सांगत."

योगिनी आत गेली. भांड्याचा आवाज आला नाही, नळाचा नाही, कसलाच नाही. मी चिडले होते. अण्णांवर, त्या छापील टिपेवर, स्वतःच्या काटेकोरपणावर, आणि सगळ्यात जास्त त्या सोफ्याच्या टोकावर बसलेल्या माणसावर. मी त्याच्याकडे वळून म्हटलं, "तुम्ही सांगा ना, दीपकराव. तुमची मुलगी आहे."

त्याने मान वर केली. अण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला सायन्समधलं काय कळतं, मॅडम," तो म्हणाला.

मी उठले. अण्णांनी चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही, आणि चहा झाल्यावर दीपकला म्हणाले, मॅडमना गंगापूर रोडला सोडून ये, रविवारची रिक्षा मिळत नाय. माझी स्कूटी सर्व्हिसिंगला होती. मी नको म्हटलं, पण त्या घरात अण्णा म्हणाले की होतं. निकिता गेटपर्यंत आली. तिने मला एवढंच विचारलं की प्रॅक्टिकलला जर्नल पूर्ण लागतं ना. मी हो म्हटलं.

दीपकने गाडी काढली. बाहेर रविवारची गर्दी, उसाच्या रसाची गुऱ्हाळं, त्र्यंबकला जाऊन आलेल्या भगव्या झेंड्यांच्या गाड्या. दिंडोरी नाक्याच्या सिग्नलला गाडी थांबली. तिथला लाल दिवा लांबलचक असतो. दीपक म्हणाला, "मॅडम, एक दाखवू का?" आणि माझ्याकडे तोंड करून त्याने जीभ बाहेर काढली. दोन्ही कडा वर आल्या, जवळ आल्या, आणि जिभेची स्वच्छ, खोल पन्हळ झाली. पाच-सहा सेकंद त्याने ती तशीच धरून ठेवली. शेजारच्या मोटरसायकलवरचा माणूस वाकून आमच्या काचेतून बघत होता.

आधी मला काय वाटलं ते मी लिहून ठेवते, कारण ते मला आवडलेलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे तक्त्यात चूक होती. म्हणजे चेक अगेन बरोबर होतं. म्हणजे माझा शेरा योग्य होता, पुस्तक योग्य होतं, चौकट जुळत होती. अर्ध्या तासापूर्वी मी ज्या गोष्टीला चूक म्हणून आले होते, ती बरोबर निघाल्याचा आनंद मला छातीत स्पष्ट जाणवला. मग तो ओसरला आणि मला दिसलं की माझ्यासमोर एक पंचेचाळीस वर्षांचा माणूस जीभ आत घेऊन, ओठ पुसून, थोडासा लाजून बसला आहे.

मी विचारलं की मग नाही का म्हणालात. त्याने सांगितलं, दिवा हिरवा होऊन मागचे हॉर्न वाजवायला लागले तरी सांगत होता, मग गाडी कडेला घेतली आणि सांगत राहिला. पहिल्या दिवशी निकीने विचारलं तेव्हा अण्णा समोर जेवत होते. अण्णांसमोर तो अजून पाय पसरून बसत नाही. त्यांच्यासमोर जीभ काढायची म्हणजे काय. म्हटलं, मला नाही येत, लिही. मग तुमचं ते लाल आलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा आधीचं खोटं पडलं असतं. आणि एकदा माई तसं बोलून गेल्यावर तर प्रश्नच मिटला.

"का?"

"मग माई म्हणाली असती ना, बायकोसाठी बापासमोर जीभ काढून दाखवतो."

"आणि योगिनीताई? त्यांना तरी सांगायचं."

"तिला सांगितलं की ती सगळ्यांसमोर दाखवा म्हणणार." तो स्टेअरिंगवर बोटं वाजवत होता. "मला वाटलं चार दिवसांत विसरतील."

"उद्या टेस्ट आहे."

"टेस्ट तर बरोबरच येणार होती, मॅडम," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी समजूतदार होता. "मला काय डाउट नव्हता."

तो पुढे म्हणत होता की तुम्ही अण्णांना फोन करून सांगता का, की गाडीत विषय निघाला आणि असं असं झालं, तुमचं ऐकतील. मला कळत होतं की त्याने जीभ दाखवली की सगळं मिटेल, आणि ते चुकीच्या कारणाने मिटेल. घरातला प्रत्येक माणूस कायमचं समजून चालेल की जीभ खरं सांगते. प्रयोगात अशा उत्तराला मी शून्य देते: उत्तर बरोबर, रीत चूक. पण उद्या सकाळी सुई होती, आणि फेब्रुवारीत त्या मुलीची परीक्षा. मी म्हटलं, "गाडी वळवा. मी सांगणार नाही. तुम्ही दाखवायचं."

तो नाही म्हणेल असं वाटलं होतं. पण कुणीतरी ठरवून दिलं की त्याला बरं वाटत असावं. त्याने गाडी वळवली.

आम्ही परत आत गेलो तेव्हा सगळे तसेच बसले होते, जसे काही मधे वेळ गेलाच नाही. योगिनी बाहेर येऊन चहाचे कप गोळा करत होती. दीपक हॉलच्या मधोमध उभा राहिला. म्हणाला, "अण्णा, जरा बघा," आणि तोंडावर हात घेतला, मग हात काढला, आणि जीभ गुंडाळून दाखवली. लहान मुलासारखी मान थोडी पुढे करून. माई दिवाणावरून खाली उतरल्या, जवळ आल्या, चष्मा वर करून त्यांनी लेकाच्या तोंडात पाहिलं आणि हसायला लागल्या. "अरे माझ्या कर्मा. मी म्हणतच होते, पोरगी बापावर गेलीय. ते कपाळ बघा की." अण्णांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, आणि त्यांचे खांदे हलायला लागले; तेही हसत होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मंग पुस्तक बरोबरच हाय की, मॅडम." हर्षल लॅबला फोन लावत अंगणात गेला. निकिता जिन्यावरून धावत आली, बापाच्या दंडाला लटकली, म्हणाली पुन्हा करा, पुन्हा करा, आणि त्याने पुन्हा केलं. डोळे पुसायला तिला ओढणी सापडत नव्हती. त्या खोलीत खरोखर आनंद होता. त्याच पुस्तकाप्रमाणे, अण्णा आणि माई दोघेही उणे असताना, दीपकचीही जीभ वळायला नको होती; पण मी त्या आनंदाविरुद्ध एक शब्द बोलले नाही.

योगिनीने कप पुन्हा टीपॉयवर ठेवले, एकेक करून, सगळ्यांचे कान एका बाजूला येतील असे. ती नवऱ्याकडे बघत होती.

"कधीपासून येतं तुम्हाला?"

"हे? लहानपणापासून," तो म्हणाला, अजून हसत. "शाळेत सगळ्यांना करून दाखवायचो."

तिने मान हलवली. पंधरवड्याचे दिवस मोजून झाल्यासारखी ती आत गेली आणि आली तेव्हा खांद्याला पर्स होती आणि हातात एक कापडी पिशवी. पिशवी आधीच भरलेली असणार. एवढ्या वेळात भरली जात नाही. तिने निकिताच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, तू इथंच राहा, परीक्षा दे, फ्रीजमध्ये कणीक मळून ठेवलीय. मग माझ्याकडे वळली. "मॅडम, रिक्षा करू या का? मला ठक्कर बझारला सोडा. येवल्याची गाडी मिळेल आत्ता."

माईंचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं. "आता कुठं निघालीस? मिटलं ना सगळं."

दीपक दोन पावलं पुढे आला. पहिल्यांदाच तो सगळ्यांसमोर, अण्णांसमोर, आपणहून बायकोशी बोलत होता. "अगं, आता तर सिद्ध झालं ना?"

"हो, झालं," योगिनी म्हणाली, आणि उंबऱ्याबाहेरच्या चपलांत पाय सरकवू लागली.